घोरीच्या पोटाखालचा फोटो

मित्रांनो, तुम्ही मला कुठे ना कुठे पाहिलं असेल. शेवाळी रंगाची टाकी, उंच बूड, खाचाखाचांची टायरं आणि पाठीमागे मावळणारा सूर्य. रायगडच्या किनाऱ्यावर हिंडणाऱ्या मोटारसायकलींचे फोटो ज्यांच्या मोबाईलवर येतात, त्यांच्याकडे माझा एखादा तरी फोटो सापडतोच. त्या सगळ्या फोटोंत मी देखणी दिसते. आता मी जुनी झाले आहे, तेव्हा खरं सांगायला हरकत नाही. ज्या फोटोने माझा जीव वाचवला, तो यांतला एकही नाही. तो माझ्या पोटाखालून काढलेला आहे आणि त्यात मी अजिबात देखणी नाही.

मी दोन्ही वाटांची गाडी आहे. डांबरी रस्त्यावर मी इतर गाड्यांसारखी धावते, पण डांबर संपलं म्हणून थांबत नाही. माझं पुढचं चाक मोठं आहे, म्हणून दगड आला की ते अडखळत नाही, वर चढतं. माझी चाकं आऱ्यांची आहेत, म्हणून खड्ड्यात आपटली तर थोडी लवतात आणि पुन्हा सरळ होतात. माझं पोट जमिनीपासून उंच आहे, म्हणून ओढ्यातला धोंडा खालून निघून जातो. मला ज्यांनी घडवलं त्यांनी प्रत्येक गोष्टीचा असा विचार केला होता. मात्र त्यांनी माझ्याबरोबर एक लहानसं पुस्तकही दिलं होतं, आणि ते पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीतून कधी बाहेर निघालं नाही.

मला घरी आणलं ते प्रणय म्हात्रेने. प्रणय पेणजवळच्या एका गावचा. त्याच्या घरची पूर्वी मिठागरं होती. मिठागरं गेली, ट्रक आले. प्रणय दिवसभर ट्रकच्या फेऱ्यांचं बघे आणि त्याला स्वतःची म्हणून काहीतरी गाडी हवी होती, जिच्यावर माल लादायचा नाही. मी दारात आले तेव्हा त्याची आई सोनाबाई हळदीकुंकवाचं ताट घेऊन बाहेर आली. तिने माझ्या दिव्यावर कुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवलं, आणि मग मला खालपासून वरपर्यंत न्याहाळून म्हणाली, "प्रणय, ही गारी हाय का घोरी? हिच्यावर बसाला पाट लागंल!"

त्यांच्या आगरी बोलीत घोडीला घोरी म्हणतात. सगळे हसले आणि माझं नाव पडलं.

प्रणयचा माझ्यावर फार जीव. सकाळी निघताना तो टाकीवर दोन थापा मारी, जशा बैलाच्या पाठीवर मारतात. मीही पहिल्याच बटणाला सुरू होई. आम्ही तळा गावच्या गडाच्या पायथ्याशी गेलो, लाल कातळावरून गेलो, भाताच्या बांधांवरून गेलो. रविवारी त्याचे सोबती असत. सगळ्यांच्या गाड्या माझ्यासारख्या दोन्ही वाटांच्या. त्यांच्या मोबाईलवरच्या गटाचं नाव होतं 'माती-डांबर मंडळ'. प्रणयचा मोबाईल माझ्या हँडलवर अडकवलेला असे, त्यामुळे मंडळातलं सगळं मलाही वाचायला मिळे. रविवारी संध्याकाळी फोटोंचा नुसता पाऊस पडे. कोणी कुठे गेलं, कोणाची गाडी कुठल्या ओढ्यात उभी, कोणाच्या सायलेन्सरवर शेण.

"दादूस, डावा आरसा कुठे गेला?" एकाने प्रणयला विचारलं होतं.

"आंब्याला दिला," प्रणयने लिहिलं. "त्याला मागचं दिसत नव्हतं."

मंडळाचा एक नियम होता. कोणी पडलं आणि त्याला लागलेलं नसलं, तर गाडी लगेच उचलायची नाही. आधी फोटो, मग हात. हा नियम शिवानीने घातला होता. शिवानी किहीमची. तिथे तिच्या माडांच्या वाडीत पाहुण्यांसाठी दोन खोल्या आहेत, आणि तिची गाडी अगदी माझ्यासारखी, फक्त पांढरी. ती एकदा भाताच्या खाचरात पडली. बाकीचे धावले तेव्हा चिखलातूनच ओरडली, "थांबा रे! आधी फोटो काढा. पडले तर पडले, लपवायचं काय त्यात?" नियम चांगला होता. त्यामुळे पडण्याची लाज गेली. नवशिके धीट झाले. पण चांगला नियम कुठे लावायचा आणि कुठे नाही, हे नियमात लिहिलेलं नसतं.

ते कळलं दिवेआगरला.

ओहोटीची वेळ होती. वाळू ओली, कठीण, आरशासारखी. वाळूत गाड्या नेऊ नयेत असा फलक वाटेवरच होता. माझ्या दिव्यासमोरून तो गेला, प्रणयच्या डोळ्यांसमोरून गेला नाही. त्याला माझा एक खास फोटो हवा होता. लाटेचा फेस माझ्या पुढच्या चाकाला नुसता शिवून जातो आहे, असा. त्याने मला पाण्याच्या कडेला नेऊन स्टँडवर उभी केली आणि तो मागे गेला. स्टँडचा पाय अंगठ्याएवढा असतो. ओल्या वाळूत तो खाली खाली जाऊ लागला. मी डावीकडे कलले, आणखी कलले, आणि आडवी झाले.

"पडली रे घोरी!" मंडळ ओरडलं, आणि सगळ्यांनी मोबाईल काढले.

आधी फोटो. एकाने उजवीकडून काढला, एकाने उकिडवं बसून काढला. शिवानी म्हणाली, "लाट येऊ दे, लाटेबरोबर भारी येईल." लाट आली. फोटो भारी आला. मग प्रणय म्हणाला, "अजून एक. यात माझा पाय दिसतोय." तोवर ओहोटी संपून भरती लागली होती. प्रत्येक लाट परत जाताना माझ्या खालची वाळू घेऊन जात होती, आणि ते मला सोडून कोणाला जाणवत नव्हतं. मग हात लावले, तेव्हा मी निम्मी रुतलेली होते. चौघांनी ओढलं, हलले नाही. पुढची लाट टाकीपर्यंत आली.

किनाऱ्याजवळच्या वाडीतून भिकू आला. भिकूची तिथे होडी आहे. त्याच्याबरोबर चार माणसं, एक जाड दोर आणि होडी वर ओढताना खाली घालायचे लाकडी ओंडके. तो कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"फोटू झालं असतील तर उचलूया का? नाय, अजून एखादा राहिला असंल तर थांबतो आम्ही. दर्याला पन सांगा थांबायला."

सगळ्यांनी मोबाईल खिशात टाकले. भिकूच्या माणसांनी माझ्याखाली ओंडके सरकवले, दोर बांधला आणि होडी ओढतात तशी मला ओढून पोफळीच्या रोपांपर्यंत आणलं. वादळात जुन्या पोफळी पडल्यावर नव्याने लावलेली रोपं होती ती, माझ्या हँडलएवढीच उंच.

इंजिन हवा घेतं ती माझी जागा सीटखाली उजव्या अंगाला आहे, आणि मी डाव्या अंगावर पडले होते. तिथवर पाणी गेलं नव्हतं. सगळं निथळल्यावर मी दोन वेळा खोकले आणि सुरू झाले. मंडळाने टाळ्या वाजवल्या. प्रणयने टाकीवर थापा मारल्या, आणि खरं सांगते, त्या क्षणी मलाही वाटलं की आपल्याला काही झालेलं नाही.

घरी आल्यावर त्याने मला अंगणात धुतलं. टाकी, सीट, दिवा, चाकं. मग तो पायरीवर बसून लाटेचा फोटो मंडळात टाकू लागला. त्याचे वडील नामा खाटेवरून बघत होते.

"न्हाऊ घातलंस का नुसता तोंड पुसलास?"

"धुतली की, बाबा."

"वरून धुतलीस. खालून?"

"खालून कोन बघतं?"

"मीठ बघतं," नामा म्हणाले, आणि हसत सुटले. "सात पिढ्या आमी मीठ पिकवला आन् विकला. तू पैला, गारीला खाऊ घातलास!"

प्रणयही हसला. नामांनीही उठून पाण्याची नळी हातात घेतली नाही. विनोद झाला, चहा झाला, विषय संपला.

मित्रांनो, मीठ काय करतं ते सांगते. लोखंडाला गंज चढायला पाणी लागतं आणि हवा लागते. नुसतं पाणी वाळून जातं. पण समुद्राचं मीठ हवेतली ओल ओढून घेतं आणि धरून ठेवतं. त्यामुळे खारवलेलं लोखंड उन्हातही पुरतं सुकत नाही. वरून कोरडं दिसतं आणि आतल्या कोपऱ्यात थेंबभर खारं पाणी आपलं काम करत राहतं. ते आवाज करत नाही. दुखतही नाही. फक्त रोज थोडं लोखंड कमी होतं.

माझं मागचं चाक एका लोखंडी बेचक्यात बसवलेलं आहे. बेचकं म्हणजे दोन पोकळ दांड्या. त्या पोकळीत दिवेआगरची वाळू बसली होती आणि वाळूत मीठ.

तिकडे माझा लाटेचा फोटो गावोगाव फिरला. 'दर्यालाही न भिणारी घोरी' असं कोणीतरी त्यावर लिहिलं. अनोळखी लोक रस्त्यात थांबवून विचारत, "तीच ना ही?" प्रणय मान ताठ करून हो म्हणे. मग मंडळात नव्या गाड्या आल्या. त्यांचे दिवे जास्त प्रखर, वारा अडवणाऱ्या पुढच्या काचा रंगीत. प्रणयचे माझ्यावरचे रविवार कमी झाले. मी ट्रकच्या शेजारी ताडपत्रीखाली उभी राहू लागले. ताडपत्रीखाली दमट असतं. कोंबडी माझ्या सीटवर बसे, एवढीच काय ती सोबत.

एका सकाळी ताडपत्री निघाली. प्रणयने मला धुतलं, घासलं, टाकीला मेण लावलं. मला इतका आनंद झाला! मग त्याने फोटो काढले आणि मंडळात लिहिलं, 'घोरी विकायची आहे. दर्यातून उठलेली. एकदम तंदुरुस्त.'

तळा गावाहून अल्पेश आला. बरोबर त्याची बायको कल्पिता. कल्पिता आरोग्यसेविका. डोंगरातल्या वाड्यांवर ती लहान मुलांना लस द्यायला जाते. जिथे रस्ता संपतो तिथून ती लशींचा निळा डबा खांद्याला लावून चालत जाई. अल्पेश सुट्टीच्या दिवशी डबा उचलायला सोबत जाई, म्हणून त्यांना दोन्ही वाटांची गाडी हवी होती.

"मी मंडळात आहे," अल्पेश लाजत म्हणाला. "पण नुसता बघणारा. माझ्याकडे गाडीच नाही ना! हिचे सगळे फोटो आहेत माझ्याकडे. कातळावरचा, आंब्याजवळचा, लाटेचा."

"जेवताना दाखवतात," कल्पिता म्हणाली. "भात वाढू का विचारलं तर म्हणतात, हे बघ घोरीचं उजवं अंग. मला तुमची गाडी तोंडपाठ झालीय."

तिने मागच्या सीटवर हात ठेवला, मागची लोखंडी जाळी हलवून पाहिली. "डबा इथे बसेल. उतारावर दोघांचं वजन आणि डबा, झेपेल ना हिला?"

"घोरीला?" प्रणय म्हणाला. "समुद्र झेपला तिला."

मित्रांनो, मला माहीत होतं. डाव्या दांडीत जिथे वाळू साठली होती तिथलं लोखंड आता कागदाएवढं उरलं होतं. सपाट रस्त्यावर ते कदाचित वर्षभर टिकलं असतं. डोंगराच्या उतारावर, दोघं बसलेली असताना, एका वळणावर ते मोडणार होतं. मला सांगायचं होतं. माझ्याकडे हॉर्न आहे, पण तो वाजवायला अंगठा लागतो.

अल्पेशने मोबाईल काढला. "एक फोटो काढू? सगळ्या बाजूंचे आहेत माझ्याकडे. एकच बाजू नाही." आणि तो अंगणात सरळ पाठीवर झोपला, माझ्या पोटाखाली सरकला.

"अहो, शर्ट!" कल्पिता म्हणाली.

खालून लख्ख उजेड पडला. इतक्या वर्षांत तिथे पहिल्यांदाच उजेड पडला होता. अल्पेश बाहेर आला, फोटो मोठा करून बघू लागला.

"प्रणयदादा, हे तपकिरी पापुद्रे कसले? चिखल आहे का?"

प्रणयने फोटो पाहिला. सोपं होतं. हो म्हटलं असतं तर अल्पेशने ऐकलं असतं, कारण ज्याचे फोटो आपण जेवताना बघतो त्याच्यावर आपला विश्वास असतो. नामा खाटेवरून बघत होते. कोंबडी ताडपत्रीवरून खाली उतरली.

"चिखल नाही," प्रणय म्हणाला. "मीठ आहे."

तो घरातून स्क्रूड्रायव्हर घेऊन आला, माझ्याजवळ उकिडवा बसला आणि डाव्या दांडीला त्याने टोक लावून दाबलं. टोक आत गेलं. पापडात बोट जावं तसं गेलं. प्रणय तसाच बसून राहिला. त्याचा हात टाकीवर नाही, माझ्या त्या भोकावर होता.

कल्पिताने सीटवरचा हात काढून घेतला. "म्हणजे उतारावर..."

"मोडलं असतं."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"नव्हतं," प्रणय म्हणाला. "मी कधी बघितलंच नाही. समुद्रातून काढली आणि फोटो टाकला. मग सगळे म्हणाले तंदुरुस्त, मीही म्हणालो."

अल्पेशचं तोंड एवढंसं झालं. कल्पिता मात्र रागावली होती आणि तिचा राग मला फार आवडला.

"लस देताना आम्ही आधी डब्यातला बर्फ बघतो," ती म्हणाली. "डबा वरून कितीही स्वच्छ असू दे. उचला तो मोबाईल आणि हाच फोटो टाका मंडळात. समुद्राचा टाकला होता ना? त्याच्या शेजारीच टाका."

प्रणयने टाकला. खाली लिहिलं, 'घोरी विकायची नाही. ती तंदुरुस्त नाही. हे दिवेआगरचं मीठ. मी खालून एकदाही धुतलं नाही.'

मग त्याने मोबाईल नेहमीच्या जागी, माझ्या हँडलवर अडकवला. मी वाचत होते. पहिल्यांदा एकाने हसण्याचं चित्र टाकलं. मग काढून टाकलं.   मग शिवानीचा फोटो आला. पांढऱ्या गाडीचं पोट, तितकंच तपकिरी. खाली लिहिलं होतं, 'माझीपण. किहीमला रोज खारा वारा असतो, आणि मी रोज आरसे पुसते.' मग आणखी एक पोट आलं. आणखी एक. संध्याकाळपर्यंत मंडळात सूर्यास्त एकही नव्हता, नुसती पोटं.

शेवटी शिवानीने लिहिलं, 'नियम मी केला होता, मीच बदलते. आधी हात, मग फोटो.'

पुढच्या रविवारी मंडळ प्रणयच्या अंगणात जमलं. त्यांनी मला आडवं न पाडता उचलून लाकडी ठोकळ्यावर टेकवलं, चाक काढलं, सडलेलं बेचकं काढलं. पोकळीतून मूठभर वाळू निघाली. शिवानी ती तुळशीत टाकायला निघाली, तेव्हा सोनाबाईने तिला अडवलं, "अगो खारी हाय ती, मरंल तुलस!" नवं बेचकं आलं, नवा आस आला, बेअरिंगं आली. नामांनी स्वतः नळी धरली आणि माझ्या पोटाखाली गोड्या पाण्याची धार सोडली.

"आता न्हाली," ते म्हणाले. मग बॅटरी घेऊन आपल्या ट्रकखाली गेले. बऱ्याच वेळाने बाहेर आले आणि पुन्हा नळी उचलली. 

मी बरी झाल्यावर अल्पेश आणि कल्पिता मला न्यायला आले. तेव्हा प्रणयने मला ठेवून घ्यावं असं मला वाटलं का? वाटलं. त्यालाही वाटलं असावं, कारण अल्पेशला चावी देताना त्याने ती दोनदा पुसली. पण कल्पिताचा निळा डबा जाळीवर बसला आणि तो अगदी बरोबर बसला.

आता मी तळ्याला असते. माझे फोटो कोणी फारसे काढत नाही. वाड्यांवरची मुलं मला ओळखतात, आणि मी दिसले की काही जण दंडावर हात धरून पळून जातात. किनाऱ्याकडे जाऊन आलो की अल्पेश माझ्या पोटाखाली पाणी मारतो, कल्पिता चेनला तेल सोडते. माझ्या टाकीवरचा रंग उडाला आहे. पोट मात्र स्वच्छ आहे.

मित्रांनो, तुमच्या घरात सायकल असेल, विळी असेल, शाळेत नेणारी एखादी जुनी गाडी असेल. तिच्यावर प्रेम करा, तिचे फोटोही काढा, मला फोटो आवडतात. पण कधीतरी वाकून जिथे कोणी बघत नाही तिथे बघा. आमच्यातल्या कोणालाच सांगता येत नाही की कुठे झिजतंय.

मागच्या महिन्यात प्रणय आला होता. नव्या गाडीवरून, मंडळासोबत. अंगणात शिरताच सगळे ओरडले, "घोरी! फोटो, फोटो!" प्रणयच्या खिशात मोबाईल वाजत होता. तो माझ्याजवळ आला, गुडघे टेकून बसला आणि त्याने माझ्या पोटाखाली हात घातला. डाव्या दांडीवरून बोटं सावकाश पुढपर्यंत फिरवली. मग हात बाहेर काढून बोटांकडे पाहिलं.

"कोरडी आहे," तो म्हणाला, आणि टाकीवर दोन थापा मारल्या.

मग फोटो काढला.